खरखर काढू नका

कॅसेट घाईने ऐकता येत नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट संगणकावर घ्यायची तर नव्वद मिनिटं लागतात आणि तीन तासांच्या व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटला तीन तास. फाइल कॉपी करायला टाकून आपण चहा करायला जावं, असं इथे चालत नाही. टेप कुठे अडकते का, आवाज मध्येच बसतो का, यावर कान ठेवून कुणीतरी बसावं लागतं. आमच्या घरी मी बसते. ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या जेवणाच्या टेबलाचं एक टोक डेक, व्हीसीआर, लॅपटॉप आणि वायरींनी कायमचं अडवलेलं आहे. सुरुवात घरच्या कॅसेटींपासून झाली, मग नात्यातल्या आल्या, मग इमारतीतल्या. आता ओळखीच्या ओळखीतून पिशव्या येतात.

इतकं ऐकत बसल्यामुळे माझं एक मत पक्कं झालंय. ज्यासाठी कुणीतरी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं होतं, त्याची आज फारशी गरज उरलेली नसते. बाबांनी आकाशवाणीच्या मुंबई ब केंद्रावरची नाट्यगीतं रेडिओजवळ टेप ठेवून भरून घेतली होती. ती गाणी आज कितीतरी स्वच्छ आवाजात कुठेही ऐकायला मिळतात. पण एका गाण्याच्या दुसऱ्या कडव्यावर आई आतून हाक मारते, ‘अहो, दूध बघा’, आणि बाबा उठल्याचा, खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. तेवढं जगात फक्त त्या एका कॅसेटवर आहे. बाबांना तेव्हा त्याचा राग आला असणार, गाणं बिघडलं म्हणून. मला आता गाण्यापेक्षा ती खुर्ची हवी आहे.

म्हणून पिशवी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधीच सांगते, की मी आहे तसं उतरवून देईन. खरखर काढून, कडा कापून, कंटाळवाणा भाग वगळून देणार नाही. तशी प्रत हवी असेल तर नंतर वेगळी करा, पण पहिली फाइल जशीच्या तशी राहू द्या. काहींना हा हट्ट वाटतो. तो कुठून आला ते नीट सांगायला हवं.

ऐंशीच्या दशकात माझे मोठे काका नोकरीसाठी मस्कतला होते. फोन करायचा तर कॉल नोंदवून वाट बघत बसायचं, आणि लागणाऱ्या पैशांच्या धास्तीने बोलणं आधीच आटून जायचं. आजीला लिहिता येत नव्हतं. काकांनी पहिल्याच सुट्टीत पॅनासॉनिकचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेलं यंत्र, आणला आणि तेव्हापासून आमच्या घरून पत्रांऐवजी कॅसेटी जायला लागल्या. तिकडे जाणारं कुणी ओळखीचं निघालं, की त्याच्या सामानात एक कॅसेट. फिलिप्सने १९६३ साली ही छोटी कॅसेट बर्लिनच्या प्रदर्शनात पहिल्यांदा मांडली, तेव्हा ती मुख्यतः बोलणं टिपून घेण्यासाठी होती, संगीताचं नंतर आलं. माझ्या आजीने ती तशीच वापरली. जांभळी नाक्याजवळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत, जमिनीवर मांडी घालून, टू-इन-वनसमोर वाकून ती मोठ्याने बोलायची, कारण मुलगा लांब होता. पाणी किती वाजता येतं, धाकट्याला किती मार्क पडले, कोपिनेश्वराला अभिषेक केला, गुडघे कसे आहेत, तिकडे नीट जेव. आलेली कॅसेट ऐकून झाली की तिच्यावरच उत्तर भरून परत पाठवायची पद्धत होती. त्यामुळे कितीतरी पत्रं एकमेकांखाली पुसली गेली. ज्या उरल्या त्या मोठ्या काकूने बिस्किटांच्या डब्यात घालून जपल्या होत्या.

काकू आता नेरुळला मुलाकडे असते. ठाण्याहून पनवेलची गाडी पकडून डेक आणि लॅपटॉप घेऊन मीच तिच्याकडे गेले, कारण त्या कॅसेटी तिला पोस्टाने काय, माझ्या हातीसुद्धा द्यायच्या नव्हत्या. पहिलीच लावली. आजी बोलायला लागली आणि मी बघत होते काकूकडे, सासूचा आवाज इतक्या वर्षांनी ऐकून तिला काय वाटतंय ते. ती ऐकत होती, पण आजीचं नव्हे. मध्येच म्हणाली, “अगं, थांब थांब. मागे घे जरा.”

मी मागे घेतलं. आजी एक वाक्य संपवून दम घेते, त्या फटीत मागून धातूवर धातू आपटल्यासारखा, भराभर, दहा-बारा वेळा आवाज येतो. मग फर्र करून काहीतरी पेटतं आणि पुढे सगळ्या बोलण्याखाली एक भरभर चालू राहते.

“हा पंप माझा,” काकू म्हणाली. “सासूबाई तीन-चारच मारायच्या. मला घाई असायची ना, मी धडाधड मारायची.”

रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह. त्या सगळ्या कॅसेटींवर काकूचा एकही शब्द नाही. सासूसासऱ्यांच्या, दिरांच्या देखत नवऱ्याशी टेपवर बोलायचं, हे तिला जमण्यासारखं नव्हतं आणि तिला कुणी बोल म्हटलंही नाही. तिची चिठ्ठी वेगळी जायची, तीही घरचं कुणी वाचेल या बेताने लिहिलेली. पण टेप चालू असताना ती पाच-सहा पावलांवर स्वयंपाक करत होती. भांडी विसळल्याचा आवाज, बांगड्या, पिन मारताना स्टोव्ह क्षणभर दबतो आणि पुन्हा उसळतो तो आवाज, हे सगळं काकू आहे. “हे सुट्टीवर आले की म्हणायचे,” तिने सांगितलं, “आईचं ऐकून झालं की मी परत लावतो, तुझा स्टोव्ह ऐकायला.”

आता याच कॅसेटचं ‘साउंड क्लीन’ करायचं म्हणजे काय होतं ते बघा. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही ही सोय आहे. कुणी बोलत नाही असा दोन-तीन सेकंदांचा तुकडा निवडायचा. सॉफ्टवेअर त्या तुकड्यातल्या आवाजाचा नमुना घेतं, त्याला कचरा समजतं आणि अख्ख्या रेकॉर्डिंगमधून तसा आवाज शोधून खाली दाबतं. आमच्या कॅसेटवर कुणी बोलत नाही अशा सेकंदांत स्टोव्ह आहे. म्हणजे कचऱ्याचा नमुना म्हणून काकूच निवडली जाणार. आजी स्वच्छ, ठसठशीत ऐकू येईल, जणू स्टुडिओत बसलीये, आणि त्या घरात दुसरी कुणी बाई होती याचा मागमूस उरणार नाही. सॉफ्टवेअरचा यात काही दोष नाही, त्याला सांगितलं ते ते करतं. सांगणाऱ्याने आधी ऐकलेलं असावं, आणि त्या घरात राहिलेल्या माणसाच्या शेजारी बसून ऐकलेलं असावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

जी खरखर, गुणगुण आपण नको म्हणतो ती कधी कधी कामालाही येते. आजीचा आवाज त्या कॅसेटींवर मला जरा चिरका वाटत होता. माझ्या आठवणीतली आजी अशी बोलत नसे. जुन्या यंत्रांत पट्टे सैल होतात, वेग इकडे-तिकडे होतो. भरताना टेप जरा हळू चालली असेल तर नीट वेगाच्या डेकवर ती घाईत बोलल्यासारखी वाजते. पण किती हळू, हे ठरवायचं कसं? आपल्याकडच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. घरातल्या प्लगवर चालणारं यंत्र तिची बारीक घुम टेपवर उतरवतं. मी त्या रेकॉर्डिंगचा आलेख काढला तर घुम ५२ च्या आसपास दिसत होती. वेग जवळजवळ चार टक्क्यांनी कमी केला, घुम ५० वर आली, आणि आजी आजीच्या आवाजात बोलायला लागली. काकूने लगेच मान डोलावली. आधीच घुम काढून टाकली असती, तर मोजायला पट्टीच उरली नसती.

एक गोष्ट मात्र मला सुरुवातीला भुताटकीसारखी वाटली होती. शांततेनंतर आजी ‘बाळ’ म्हणते, त्याच्या क्षणभर आधी तोच शब्द अगदी लांबून आल्यासारखा ऐकू येतो. टेप गुंडाळून वर्षानुवर्षं तशीच राहिली की एका वेढ्यावरची चुंबकीय खूण शेजारच्या वेढ्यावर हलकेच उमटते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे १३० मीटर टेप कोंबायची म्हणून ती साठ मिनिटांच्या टेपपेक्षा पातळ असते, त्यामुळे तिच्यात हे जास्त. संगणकावर चढवण्याआधी टेप एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवली तर हे थोडं कमी होतं, शिवाय चिकटलेले वेढेही मोकळे होतात.

व्हिडिओचं निराळं. तिथे मी कडांसाठी भांडते.

व्हीएचएस जपानच्या जेव्हीसीने १९७६ मध्ये आणली. अर्ध्या इंचाची टेप, आणि आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत आत मिनिटाला १,५०० फेरे घेणारा ड्रम. त्यावरची दोन हेडं, म्हणजे टेपवर चित्र लिहिणारे-वाचणारे भाग, आळीपाळीने टेपवर तिरक्या रेघा ओढतात. एकेक रेघ म्हणजे अर्धं चित्र, सेकंदाला अशी पन्नास. एका हेडकडून दुसऱ्याकडे काम जातं तिथे चित्राच्या अगदी तळाशी एक थरथरती पट्टी उमटते. जुन्या टीव्हीवर ती दिसत नसे, कारण त्या फुगीर काचेच्या टीव्हीत चित्राची चारही बाजूंची कड चौकटीआड जायची. संगणकावर मात्र टेपवर आहे तेवढं सगळं येतं. ती थरथरती पट्टी बघून लोक दचकतात, ‘हे खराब झालंय, कापून टाका’ म्हणतात. मग तळाबरोबर बाजूही कापल्या जातात.

माझ्या चुलतभावाची मुंज १९९१ ची, ठाण्यातल्याच एका कार्यालयातली. ती कॅसेट आम्ही घरी इतक्यांदा बघितली होती, की मातृभोजनात कोण कधी हसतं ते पाठ होतं. संगणकावर पूर्ण चौकट आली तेव्हा डाव्या कडेला आम्ही कधीच न पाहिलेला एक हात दिसला. मनगटात दोन हिरव्या काचेच्या बांगड्या, मध्ये एक सोन्याची, आणि हातात वेताचा पंखा. होमाच्या धुराने बटू डोळे चोळतोय आणि तो हात एका लयीत वारा घालतोय. टीव्हीवर फक्त पंख्याची झालर आत-बाहेर व्हायची. आम्हाला वाटायचं, पडदा हलतोय. आईने बघताक्षणी सांगितलं, “ही आत्या.” आत्याला फोटो काढून घ्यायला आवडत नसे, कॅमेरा दिसला की ती उठून जायची. व्हिडिओवाल्याच्या चौकटीतून ती सुटली असं तिला वाटलं असणार.

टेपवर ही अर्धी चित्रं सेकंदाला पन्नास असतात. घाईत काम करणारे त्यांतली निम्मी टाकून पंचवीस करतात, फाइल छोटी होते म्हणून. मग पंख्याचा हात अडखळत हलतो. पन्नासच्या पन्नास ठेवली की हालचाल तशीच सळसळीत राहते. कुणाकडून काम करून घेणार असाल तर एवढं एक नक्की विचारा.

आमच्या शेजारच्या काकांनी त्यांच्या लग्नाची कॅसेट एका दुकानात दिली होती. पेन ड्राइव्ह आला त्यावर कडा कापलेल्या, रंग भडक केलेले, मंगलाष्टकांवर सिनेमातलं गाणं चढवलेलं, आणि पंगतीचा अख्खा भाग गायब, ‘त्यात काही नव्हतं’ म्हणून. पंगतीत त्यांचे वडील वाढत होते. मूळ कॅसेट मागायला गेले तर ती टाकून दिलेली. मला हे ऐकून जो संताप आला तो अजून गेलेला नाही. दुकानदाराला ती माणसं कोण ते माहीत असण्याचं कारण नव्हतं, हे मान्य, पण माहीत नसताना कापायचं कशाला? आणि टेप फेकायचा अधिकार कुणी दिला? संगणकावर घेतलं म्हणजे कॅसेटचं काम संपलं असं नसतं. आता तर व्हीसीआरच्या हेडमधून येणारा कच्चा संकेतच उचलून त्याचं चित्र सॉफ्टवेअरने तयार करायची पद्धत हौशी मंडळींनी विकसित केली आहे, आणि तिच्यातून पुष्कळदा व्हीसीआरपेक्षा चांगलं चित्र मिळतं. कॅसेट असेल तरच ते पुन्हा करता येईल.

घाई करायची ती मात्र खरोखर आहे. युनेस्को आणि ध्वनी-अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए यांनी २०१९ मध्ये चुंबकीय टेपबद्दल जगभर इशारा दिला होता: २०२५ च्या आसपासपर्यंत जे डिजिटल होईल ते होईल, पुढे यंत्रं आणि सुटे भाग मिळणं कठीण. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, २०१६ मध्येच थांबली. त्यात आपली हवा. ठाण्याला एका बाजूला खाडी, मध्ये तळी आणि वर चार महिने पाऊस. माळ्यावर ठेवलेल्या कॅसेटच्या खिडकीतून बघा. टेपच्या वेढ्यांवर पांढरे ठिपके किंवा कापसासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट कृपा करून व्हीसीआरमध्ये घालू नका. हेडांना बुरशी लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. आधी बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बरेच दिवस कोरडी होऊ द्या, मग तोंडाला मास्क लावून साफ करा किंवा ज्याला ते येतं त्याच्याकडे द्या. व्हिडिओ हेडला कानकोरण्याचा कापूसही लावू नये, धागा अडकून हेड तुटतं.

आधी काय करायचं, याचं माझं उत्तर लोकांना उलटं वाटतं. सगळ्यात नव्या टेप आधी करा. २००० च्या सुमाराच्या त्या इवल्याशा मिनीडीव्ही कॅसेटींवर मजकूर मुळातच डिजिटल आहे. साध्या टेपचा आवाज हळूहळू विरत जातो, पण मिनीडीव्हीवर बिघाड झाला की चौकोन चौकोन होऊन चित्र तिथून जातंच. त्या ज्या फायरवायरच्या वायरने उतरवायच्या ती जागा आताच्या लॅपटॉपला नसते, आणि ते छोटे कॅमेरे बंद पडत चाललेत. एका तासाचे साधारण १३ जीबी होतात, फार नाहीत. त्यानंतर व्हीएचएस. आवाजाच्या कॅसेटी त्या मानाने चिवट. कॅसेटमधली, टेपला हेडवर दाबून धरणारी स्प्रिंगवरची फेल्टची गादी निसटली असेल तर पाच स्क्रू काढून टेप दुसऱ्या कवचात घालता येते.

आवाज मी ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या वेव्ह फाइलमध्ये घेते, तासाला दोनेक जीबी. व्हिडिओ एफएफव्ही१ नावाच्या पद्धतीत साठवते, कारण त्यात फाइल लहान करताना काही गळत नाही. तासाला पंचवीस-तीस जीबी सहज जातात. दोन वेगळ्या हार्ड डिस्क, त्यातली एक दुसऱ्या घरी. आमची नेरुळला असते. मोबाइलवर पाठवायला छोटी प्रत वेगळी.

आणि प्रत्येक फाइलशेजारी एक साधी मजकुराची फाइल: कितव्या मिनिटाला काय, कोण, कुठे. हे काम पुढे ढकलू नका. टेप कदाचित आणखी काही वर्षं तग धरेल. काकू ब्याऐंशीची आहे. पंप कुणाचा, हात कुणाचा, मागून खाकरलं ते कोण, हे सांगणारं माणूस समोर असतानाच लिहून घ्यायला हवं. तिच्याकडे गेले की मी एकावेळी एकच बाजू लावते. दुसऱ्या बाजूपर्यंत ती थकते, आणि थकली की उगाच ‘हो हो’ म्हणते.

तिच्या कॅसेटींमधला एक आवाज अजून लागलेला नाही. सकाळची वेळ असावी, नळाला पाणी आलेलं आहे. खालच्या गल्लीतून एक माणूस दोन अक्षरी हाक देत जातो, पहिलं अक्षर लांबवलेलं आणि दुसरं तोडलेलं, आणि हाकेनंतर दर वेळी छोटी घंटा दोनदा वाजते. आजी बोलता बोलता थांबते, खिडकीकडे तोंड करून ‘आज नको’ म्हणते आणि परत मुलाशी बोलायला लागते. एकाहून जास्त कॅसेटींवर तो आहे, म्हणजे रोजचा असणार. काकूला आठवत नाही, आई कल्हईवाला म्हणते, पण कल्हईवाला रोज कशाला येईल? त्या काळात जांभळी नाका, स्टेशन रोड, तलावपाळीच्या बाजूला तुमच्यापैकी कुणी राहत असेल, किंवा घरी कुणी वडीलधारं असेल, तर मला कळवा. अर्ध्या मिनिटाचा तुकडा काढून ठेवला आहे, पाठवते. खरखर तशीच आहे.